वर्गात भरलेलं कोर्ट: तुमचे अनुभव येऊ द्या

दापोलीच्या बाई
पावसाआधी माळा आवरताना जुना काळा रेनकोट सापडला. आमच्या नववीतल्या सरकारी वकिलाचा कोट हा! 'श्यामची आई'वर काहीही विचारा, मुलांचं उत्तर एकच: आई थोर होती. वैतागून खटलाच भरवला. आरोपी आई. पोहायचं टाळून लपलेल्या श्यामला मारलं हा आरोप. अट एवढीच, बोलेल त्याने पुस्तकातली ओळ दाखवायची.
वकिलाने रेनकोटाच्या बाह्या सारून विचारलं, "मारलंत की नाही? हो की नाही एवढंच सांगा." आई झालेली मुलगी "हो" म्हणाली आणि खरंच रडायला लागली. वर्ग चिडीचूप. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा, एरवी पुस्तक न उघडणारा बचावाचा वकील म्हणतो, "बाई, ह्याने अर्धंच वाचलंय. पुढे वळ बघून आईचे डोळे भरतात, ते वाचायला सांगा त्याला."
मधल्या सुट्टीची घंटा झाली, न्यायाधीश डबा खायला पळाले. निकाल अजून राखून ठेवलेला आहे.

हर्णैकर
श्याम कोणाला केलंत? आमच्या खारवीवाड्यातलं, मच्छीमाराचं पोर असतं तर "पाण्याला कोण भितं?" म्हणालं असतं 😄

दापोलीच्या बाई
तिथलाच होता! साक्ष देताना दोनदा हसला.

निवृत्त कोर्ट कारकून, रत्नागिरी
टेबलावर काय आपटलंत? आपल्या न्यायाधीशांकडे हातोडा नसतो, तो सिनेमातला. आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, राज्यघटनेचं कलम 20(3). आईने गप्प बसायचं होतं.

दापोलीच्या बाई
डस्टर आपटला. आणि आई गप्प बसते होय काका?

संगमेश्वरी
आम्ही आठवीत असताना एकलव्याच्या अंगठ्यावरून द्रोणाचार्यांवर खटला. द्रोणाचार्य आलाच नाही, शिमग्याची पालखी त्यांच्या घरी होती. सर स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. मग काय, वर्षभराचे अंगठे पोरांनी त्या दिवशी वसूल केले. "गुरुदक्षिणा मागितलीत, पण शिकवलंत कधी?" ह्या प्रश्नावर सर खरोखर अडकले.

मालवणी माणूस
आमच्या वेळार असला काय नव्हता. मास्तरांची छडी, ताच कोर्ट.

खेडची ताई
मला नाही पटत हे. बोलकी चार मुलं वकील होतात, बाकीची चाळीस माशा मारत बसतात.

दापोलीच्या बाई
खरंय ताई, पहिल्या वर्षी तसंच झालं. नंतर उरलेल्यांना वार्ताहर केलं, घरून बातमी लिहून आणायची. एकीचा मथळा होता 'आईला अटक, वडील गप्प'. वडिलांचा विचार मीही केला नव्हता.

संगमेश्वरी
साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आणि तुम्ही आईलाच आत टाकताय!

गुहागरकर
बाई, पाऊस आला का तिकडे? इथे नुसता उकाडा.

दापोलीच्या बाई
सकाळी एक सर येऊन गेली. वाळत घातलेली आंब्याची साठं भिजली सगळी. रेनकोट हातात घेऊन उभी होते मी 🤦‍♀️