भरतकाम: रेषा दिसतात, पानं सैल पडतात, गाठी मागे निघून जातात. काय चुकतंय?

नवशिकी_सुई:
नमस्कार. घरच्या घरी भरतकाम सुरू केलंय. पांढरं सुती कापड, 15 सेंमीची रिंग. एक फांदी, सहा पानं आणि तीन फुलांचं 7 सेंमीचं छापील डिझाइन दुप्पट मोठं करून कार्बनने उतरवलं. दोरा लडीतून निघतो तसा, सगळे सहा पदर घेऊन वापरते. पानं सॅटिन टाक्याने (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी घातलेले सपाट टाके) भरली की टाके लोंबतात आणि आजूबाजूला चुण्या पडतात. देठाशेजारी कार्बनची रेषा दिसत राहते. फुलांच्या मधल्या फ्रेंच नॉटपैकी (सुईवर दोरा गुंडाळून घातलेल्या गाठी) बऱ्याच कापडाच्या मागे जातात. कुठून सुधारू?

पदरमोजणी:
निम्मी अडचण डिझाइन दुप्पट केल्यामुळे झाली आहे. मूळचं 7 मिमी रुंद पान आता 14 मिमीचं झालं. सॅटिनचा टाका साधारण 1 सेंमीच्या पुढे गेला की त्याला मधे कुठे आधार राहत नाही, म्हणून तो लोंबतो. लोंबू नये म्हणून आपण दोरा ओढतो, आणि त्या ओढीने कापड गोळा होतं. चुण्या इथूनच येतात. डिझाइन मोठं केलं की टाकाही बदलायला हवा.

पानाच्या मधोमध शीर आखा. टोकापासून शिरेवर 4-5 मिमीचा एक सरळ टाका घ्या. मग एकदा डाव्या कडेवरून वर येऊन शिरेच्या जरा पलीकडे खाली, एकदा उजव्या कडेवरून तसंच. टाके तिरके राहू द्या, आडवे होऊ लागले की पान बसकं दिसतं. असा प्रत्येक टाका अर्ध्या पानापुरताच होतो आणि पान घट्ट बसतं. भरण्याआधी कडेने टीप टाका घालून घ्या आणि भरताना सुई त्याच्या बाहेरून काढा. कड रेखीव येते, खालची रेषाही झाकली जाते.

पदर दोनच घ्या. सहा पदर शेजारी शेजारी सपाट बसत नाहीत, एकमेकांवर चढतात. लडीचे पदर एकेक करून वर ओढून सुटे करा आणि मग हवे तेवढे पुन्हा जुळवा. एकदम दोन ओढले तर हमखास गुंता. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे 45 सेंमीच्या आसपास. लांब दोरा कापडातून जाऊन जाऊन झिजतो, त्याची चकाकी जाते.

आडवाउभा:
रेषांबद्दल. पांढऱ्या कापडावर कार्बन नकोच. पाण्याने जाणारं निळं पेन घ्या. डिझाइन काचेच्या खिडकीला चिकटवा, वर कापड लावा आणि उजेडात गिरवा. दोन गोष्टी पाळा. कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या, नाहीतर भरल्यानंतर धुताना ते आटतं आणि टाके फुगतात. आणि डिझाइनची मधली रेषा कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. तिरपं उतरलं तर रिंगमध्ये ताणताना आकार ओढला जातो, रिंग काढली की वाकडा दिसतो.

निळ्या पेनावर इस्त्री फिरवायची नाही, रेषा पक्की होऊ शकते. काम संपलं की आधी थंड पाण्यात बुडवा. उष्णतेने पुसली जाणारी पेनंही मिळतात, पण कडक थंडीत त्यांच्या रेषा परत उमटू शकतात. ठेवणीतल्या कामाला ती वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय 14 सेंमीचं डिझाइन 15 सेंमीच्या रिंगला फार होतं, कडेला सुई फिरत नाही. 18-20 सेंमीची रिंग घ्या. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर कापड सरकत नाही. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, वळ राहत नाहीत.

वेटोळं:
फ्रेंच नॉट मागे जाते कारण सुई निघाली त्याच भोकात परत घातली जाते. एखाद-दोन धागे सोडून शेजारी घाला. सुईवर एक किंवा दोनच वेटोळे. सुई अर्धी खाली गेल्यावर डाव्या हाताने दोरा ओढून वेटोळे कापडाला टेकवा, आणि सुई पूर्ण खाली जाईपर्यंत तो दोरा ताणलेलाच धरा. इथे हात सैल सुटला की गाठीऐवजी फास उरतो. गाठ मोठी हवी असेल तर पदर वाढवा. वेटोळे वाढवले तर ती एका बाजूला कलंडते.

सुईसुद्धा बघा. भरतकामाच्या सुयांमध्ये आकडा मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांना 8 किंवा 9 नंबर बरा. सुई जाड असेल तर भोक मोठं पडतं आणि चांगली बांधलेली गाठही निसटते.

नवशिकी_सुई:
खूप आभार. पानं उसवून पुन्हा भरते. फुलं लाल दोऱ्याची आहेत. धुताना रंग उतरला तर?

आडवाउभा:
आधी दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग लागला तर तो दोरा पांढऱ्यावर वापरू नका. भरलेल्या कामाचा रंग पसरलाच तर कापड वाळू देऊ नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खंगाळत राहा. मग टॉवेलात दाबून पाणी टिपा, आणि जाड टॉवेलावर उलटं पसरून मागच्या बाजूने इस्त्री करा, म्हणजे गाठी चेपत नाहीत.