मदत हवी आहे: स्पर्धेसाठी पहिलं एरोबॅटिक (कसरती करणारं) आरसी, म्हणजे रिमोटचं विमान कोणतं घेऊ?

केदार_७७
मंडळी, जरा लवकर सांगा. मे महिन्यात स्पर्धा आहे, स्पोर्ट्समन वर्गात नाव द्यायचंय आणि विमान ठरत नाहीये. सध्या फोमचं उडवतो. लूप, रोल, स्टॉल टर्न जमतात, पण वारा सुटला की रेघ सरळ राहत नाही. एक जण म्हणतो एक्स्ट्रा घे, दुसरा म्हणतो एज ५४० घे (दोन्ही खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृती). बजेट ठीक आहे. फक्त नाव सांगा, आज ऑर्डर टाकतो.

बाल्सावाला
नुसतं नाव कसं सांगणार? स्पर्धा पॅटर्नची (खास स्पर्धेसाठी घडवलेली विमानं) की आयमॅकची (खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृती)? बजेट ठीक म्हणजे किती? बॅटरी की पेट्रोल? आणि गाडी कोणती आहे? मोठ्या विमानाचे पंख निघतात, पण धड लांबच्या लांब राहतं, साध्या कारमध्ये मावत नाही.

पुणेरी_पायलट
आधी नियम बघून घ्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ किलोच्या वरचं विमान 'स्मॉल' गटात जातं. हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या नमुन्याचं मान्यतापत्र) लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर तुमचं मैदान ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात) आहे का ते पाहा. तिथेही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम्सची चौकशी आधी करा.

केदार_७७
अहो, मी ओहायोत आहे. स्पोर्ट्समन लिहिलं होतं ना वर? बजेट २,००० डॉलर, सगळं मिळून. आता नाव सांगा.

दोनमीटर
स्पोर्ट्समन म्हणजे पॅटर्नचा सुरुवातीचा वर्ग. डोळे मिटून जुनं दोन मीटरचं पॅटर्न विमान घे. लांबी आणि पंख दोन्ही २ मीटरच्या आत, वजन ५ किलोच्या आत. ही मापं एफ३ए या जागतिक वर्गाची आहेत. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा एड काझमिर्स्की यांनी ओरायन विमानावर जिंकली, तेव्हापासून ही जात फक्त याच कामासाठी घडत आली आहे. नाइफ एजमध्ये (पंख उभे ठेवून सरळ उडताना) रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू दाबलं की साधं विमान पोटाकडे वळतं किंवा रोल व्हायला लागतं. चांगलं पॅटर्न विमान तसंच धरून राहतं. परीक्षक रेघेला गुण देतात, इंजिनाच्या आवाजाला नाही.

गॅसवाला_टेक्सास
थांबा. आयमॅकमध्येही स्पोर्ट्समन वर्ग आहे, आणि तो बेसिकच्या वरचा! तिथे खऱ्या एरोबॅटिक विमानाची प्रतिकृतीच लागते. दोन मीटरचं पॅटर्न विमान घेऊन गेलास तर उडवूच देणार नाहीत. ५० सीसी पेट्रोल इंजिनाचं एक्स्ट्रा घे. पेट्रोल भरायचं आणि दिवसभर उडवायचं, चार्जरजवळ ताटकळत बसायला नको.

दोनमीटर
आणि पेट्रोल इंजिनाच्या थरथरीने सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटर) सैल होतात ते? बॅटरीवर प्रत्येक उड्डाणात ताकद सारखी राहते, तेलाची घाण नाही, शेजारी तक्रार करत नाहीत.

गॅसवाला_टेक्सास
दहा सेलचे दोन संच आणि तेवढा चार्जर घेतल्यावर २,००० मधलं विमानासाठी काय उरतं, तेही सांगा त्याला.

नानाकाका
एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही कंट्रोल लाइन उडवायचो. दोन तारा हातात, विमान गोल गोल फिरतंय, आणि लाकूड कापण्यापासून कापड चढवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. केदार, एकदा तरी स्वतः बांधून बघ. तुटलं तर कुठून तुटलं ते कळतं.

सायली_प
लग्नाचं शूटिंग करायला यातलं कोणतं चालेल? भावाचं लग्न डिसेंबरमध्ये आहे.

बाल्सावाला
सायली, ही विमानं हवेत एका जागी थांबत नाहीत. तुम्हाला कॅमेऱ्याचा ड्रोन हवाय, वेगळा धागा काढा. केदार, पत्रकात 'नोन' आणि 'अननोन' असे शब्द आहेत का?

केदार_७७
हो, दोन्ही आहेत.

बाल्सावाला
मग आयमॅक. अननोन म्हणजे आदल्या दिवशी हातात मिळणारा कसरतींचा क्रम, विमानावर सराव न करता उडवायचा. पहिल्याच स्पर्धेत तो कशाला अंगावर घेतोस? बेसिकमध्ये नाव दे. तिथे प्रतिकृतीची अट नाही, तुझं फोमचं विमानही चालेल. क्रम कागदावर काढून सिम्युलेटरवर बसव. मैदानात शेजारी उभं राहून क्रम वाचून दाखवायला कॉलर शोध. पैसे नंतर खर्च कर.

केदार_७७
पण वाऱ्यात ते भरकटतं, हाच तर प्रश्न आहे! क्लबमधले एक काका ५० सीसी एक्स्ट्रा विकताहेत, रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा भाग) सोडून सगळं, १,१०० डॉलर. शनिवारी बघायला जातोय. घेऊ?

दोनमीटर
आयमॅकच असेल तर घे. माझं मत पॅटर्नचंच, पण जो क्लब जवळ आहे तिथे शिकवणारे भेटतात, हेही तितकंच खरं.

गॅसवाला_टेक्सास
आधी इंजिन ज्या प्लायवर बसतं तिचे सांधे बघ. चीर दिसली किंवा लाकूड तेलाने काळं पडलेलं असलं तर सोड. चाकं ज्या पट्टीवर बसतात तिचं लाकूड दाबून बघ. पंख जोडणारी नळी हलते का, सर्व्होच्या दात्यांत ढिलाई आहे का, तपास. रिसीव्हरची बॅटरी जुनी घेऊच नको. काकांना उडवून दाखवायला सांग. ४५ अंशात वर चढताना विमान उलटं करायचं. नाक झपाट्याने जमिनीकडे आलं तर वजन पुढे आहे. सरळ उभं वर जाताना डावीकडे झुकलं तर इंजिन थोडं उजवीकडे वळवायला लागेल. यासाठी विमान नाकारू नकोस, हे सगळं दुरुस्त होतं.

बाल्सावाला
घेतलंस तरी नाव बेसिकमध्येच दे. आणि एफएएचा (अमेरिकेच्या विमान खात्याचा) तुझा नोंदणी क्रमांक विमानाच्या बाहेरच्या बाजूला लाव, आत्ता त्यावर असलेला जुन्या मालकाचा असेल. ट्रस्ट ही हौशी उडवणाऱ्यांची सुरक्षा परीक्षा दिली आहेस ना?

केदार_७७
दिली आहे. गाडीत मावेल का, धड १.९ मीटर आहे? होंडा सिव्हिक.