जुना २०-पिन एसएमपीएस आणि नवा बोर्ड: कन्व्हर्टर लावून चालेल का?

जुनाडबा:
२००४ च्या आसपासचा ४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) पडून आहे. मुख्य कनेक्टर २० पिनी, सीपीयूचा चौकोनी ४ पिनी, बाकी चार मोलेक्स (जुन्या डिस्कचे ४ पिनी प्लग). साटा (आताच्या डिस्कचा पॉवर प्लग) एकही नाही. लेबलवर +३.३ व्होल्ट २८ अँपिअर, +५ व्होल्ट ३० अँपिअर, +१२ व्होल्ट १८ अँपिअर. त्यावर एच६१० बोर्ड, आय३-१२१००एफ प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड चालवायचं आहे. २० ते २४ पिन, मोलेक्स ते साटा आणि दोन मोलेक्स ते कार्डाचा ८ पिन असे तीन कन्व्हर्टर मिळतायत. भागेल का?

बाराव्होल्ट:
४५० हा आकडा विसरा, १२ व्होल्टची ओळ बघा. १२ × १८ = २१६ वॅट. प्रोसेसर टर्बोत (पूर्ण वेगात) ८९ वॅट खातो, कार्ड १३२. झाले २२१, आणि यात पंखे, बोर्डाच्या व्हीआरएममध्ये (प्रोसेसरसाठी व्होल्टेज कमी करणारा भाग) वाया जाणारी वीज धरलेलीच नाही. त्या काळचे एसएमपीएस ५ आणि ३.३ व्होल्टवर जोर देऊन बनवलेले. आताचा बोर्ड जवळजवळ सगळं १२ वरून ओढतो. कन्व्हर्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, अँपिअर वाढवत नाही.

कार्डाच्या ८ पिनीचा धोका आणखी वेगळा. त्यातल्या दोन सेन्स पिना (किती वीज मिळेल ते कार्डाला सांगणाऱ्या) ग्राउंडला जोडलेल्या दिसल्या की कार्ड समजतं, १५० वॅट मिळणार. कन्व्हर्टर त्या पिना सरळ ग्राउंडला जोडून देतो, मागे ताकद असो वा नसो. गेम सुरू झाला की मशीन बंद पडेल, नाहीतर मोलेक्सची ढिली पिन तापून प्लग वितळेल.

सोल्डरवाला:
२० ते २४ कन्व्हर्टरची बहुधा गरजच नाही. २० पिनी प्लग १ नंबरच्या पिनकडून २४ च्या सॉकेटात बसतो, दुसऱ्या टोकाची चार भोकं रिकामी राहतात. त्या चार म्हणजे जादा १२, ५, ३.३ आणि ग्राउंड. कन्व्हर्टर तरी त्याच जुन्या वायरींना फाटे फोडतो. पण २० पिनीत १२ व्होल्टची पिवळी वायर एकच असते आणि स्लॉटवर चालणारं कार्ड तिच्यातूनच ५.५ अँपिअरपर्यंत ओढू शकतं. म्हणून या एसएमपीएसवर कार्ड नकोच. पांढरी वायर -५ व्होल्टची, नव्या बोर्डाला ती लागत नाही.

सीपीयूच्या ८ पिनी सॉकेटात ४ पिनी लावला तरी या प्रोसेसरला पुरतो. मात्र बोर्डाचं मॅन्युअल आधी बघा.

मोलेक्स ते साटा घेताना मागून वायरी सुट्या दिसणारा, क्रिम्प केलेला (वायरीवर धातूची पिन दाबून बसवलेला) घ्या. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त प्लगमध्ये वायरी आत सरकून १२ व्होल्ट ग्राउंडला टेकते, आणि त्यातूनच आगी लागतात. त्यापेक्षा थेट बोर्डावर बसणारी एम.२ एसएसडी घ्या, साटा पॉवरची कटकटच नाही.

जुनाडबा:
कार्ड रद्द. एफ नसलेला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला आय३-१२१०० घेऊन त्यावर चालवलं तर?

बाराव्होल्ट:
वीज पुरेल, १२ व्होल्टवर साधारण १० अँपिअरच्या आत राहाल. प्रश्न उरतो वयाचा. झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून कपॅसिटर बघा. एकाचंही डोकं फुगलेलं असेल तर विषय संपला. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आत मोठा चार्ज राहतो.

कपॅसिटर ठीक दिसले तर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) चालवून अर्ध्या तासाने मोकळ्या मोलेक्सवर मल्टिमीटर लावा. पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ हवी. बऱ्याच जुन्या एसएमपीएसमध्ये दोन्ही व्होल्टेज एकत्रच सावरली जातात. १२ वर भार आणि ५ रिकामं, की १२ खाली बसतं आणि ५ वर चढतं. म्हणून दोन्ही मोजा. मर्यादेत असूनही मशीन मध्येच रीस्टार्ट होत असेल तर रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) वाढलेला असू शकतो, तो मल्टिमीटरवर नीट दिसत नाही.

सोल्डरवाला:
आणि नवा मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस घेतलात तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. प्लग बसतो आणि डिस्क जळते.