क्रिस्परवर एवढा निधी, मग पेशीपासून रोप उगवायच्या पद्धतींवर का नाही?

पेशीवाली (शिवाजीनगर): जीन एडिटिंग (म्हणजे पिकाच्या जनुकांत नेमका बदल करणं) म्हटलं की सगळे क्रिस्परबद्दल, म्हणजे जीन कापणाऱ्या कात्रीबद्दलच बोलतात, पण ती कात्री पेशीत पोचवायची आणि मग त्या पेशीपासून अख्खं रोप उगवायचं हे काम अजूनही मुख्यतः १९८० च्या दशकातल्या दोन वाटांनीच चालतं, ॲग्रोबॅक्टेरियम (रोपाच्या पेशीत जीन सोडणारा जिवाणू) नाहीतर जीन गन (जीन लावलेले धातूचे कण पेशीत मारणारं यंत्र). आणि तेही प्रत्येक वाणात जमत नाही! बीटी कापसाचा अळी मारणारा जीन आधी कोकर ३१२ या अमेरिकन वाणात घातला, कारण टिश्यू कल्चरमधून (बाटलीत पेशींपासून रोप वाढवून) रोप सहज देणारं ते वाण, आणि मग बॅकक्रॉस करत करत (आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून) आपल्या वाणांत आणला, त्यात वर्षं गेली. हरभऱ्यात तर कोंब आले तरी मुळं नीट फुटत नाहीत, कलम करून जगवावे लागतात. निधी आधी इथे लावा.

शिवारकर (मांजरी): नाही पटत. बीटी कापूस २००२ ला आला, आज गुलाबी बोंडअळी त्याला जुमानत नाही. बीटी वांगं २०१० पासून अडकलंय. लॅबमध्ये रोप लवकर उगवलं तरी पुढे परवानगीलाच अडकणार ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने गहू, सोयाबीनचे एमएसीएस वाण दिले ते साध्या क्रॉसिंगने (दोन वाणांच्या संकराने), पैसे तिथे द्या.

पेशीवाली: सगळंच अडकत नाही हो. २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचा जीन शिल्लक नसलेल्या एडिटेड रोपांना जीएम (बाहेरचा जीन घातलेल्या) पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, २०२५ च्या मे मध्ये आयसीएआरने (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेने) कमला आणि पुसा डीएसटी राईस १ असे दोन एडिटेड भात जाहीरही केले. आणि तुम्ही मांजरीचे, द्राक्ष संशोधन केंद्र तिथेच, म्हणून द्राक्षाचंच सांगते. काम झाल्यावर कात्रीचा जीन काढून टाकायला क्रॉसिंग लागतं, भातात ते जमतं, पण थॉमसन सीडलेस या द्राक्षाचं क्रॉसिंग केलं की ती थॉमसन राहतच नाही. मग जीन न घालता नुसतं कात्रीचं प्रोटीन, भिंत काढलेल्या पेशीत सोडायचं. ते जमतंय, पण त्या एकट्या पेशीपासून वेल उभा करणं फार अवघड, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे.

कोथरूडकर: एक शंका. २०१६ मध्ये मक्यात बेबी बूम आणि वुशेल हे रोप उगवायला मदत करणारे जीन वापरून हट्टी वाणांतूनही रोपं उगवली, पण ते काम आलं बियाणे कंपनीच्या लॅबमधून, पेटंटसकट. आपण पैसे ओतून शेवटी त्यांच्याच लायसन्सवर काम करायचं का?

पेशीवाली: म्हणूनच तर पद्धत आपली हवी! पाषाणला एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) १९९० मध्ये बांबूला बाटलीत फुलं आणून दाखवली होती, जगाने दखल घेतली. टिश्यू कल्चरचा हात पुण्यात आहे, फक्त तो हरभरा, तूर, द्राक्षाकडे वळवायला सलग पैसा हवा, तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये हे होत नाही.

शिवारकर: द्राक्षाचं पटलं, तिथे दुसरा रस्ता नाही. हरभऱ्याचं नाही पटत. मर रोगाला टिकणारा विजय हा हरभऱ्याचा वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाने क्रॉसिंगनेच दिला. द्राक्षाला द्या पैसे, पण राहुरीचे कापून नाही.