एलसी-एमएसला मराठीत काय म्हणावं?

महालकर:
सिकलसेलवर (रक्ताचा आनुवंशिक आजार) मराठी माहितीपत्रक करतेय, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. लिक्विड क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (त्यांचे रेणू मोजणं) जोडून, म्हणजे एलसी-एमएसनं, हिमोग्लोबिन कसं तपासतात, यावर त्यात एक परिच्छेद आहे. ‘द्रव वर्णलेखन – वस्तुमान वर्णपटमिती’ असा शब्द जुळवलाय. दोनदा ‘वर्ण’, आणि रंग तर कुठंच दिसत नाही! कोणी सुचवा ना.

वर्धारोड:
पहिला ‘वर्ण’ त्स्वेत यांचा. या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीच्या नळीतून उतरवली, रंगांचे पट्टे वेगळे झाले आणि १९०६ मध्ये क्रोमॅटोग्राफी हे नाव छापून आलं. गंमत म्हणजे रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. दुसरा ‘वर्ण’ मात्र उसना आहे, तो प्रकाशाच्या वर्णपटावरून आला. वस्तुमानाला कसला आलाय रंग?

रामदासपेठ_लॅब:
महालकरताई, ‘वर्णलेखन’ राहू द्या, रुळलाय तो. माझा आक्षेप ‘वस्तुमान’ला आहे. यंत्र नुसतं वस्तुमान दाखवत नाही, वस्तुमान भागिले प्रभार दाखवतं. तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनची बीटा साखळी ट्रिप्सिननं (प्रथिनं कापणारं विकर) कापली की पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा निघतो. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं, म्हणून तुकडा ३० डाल्टननं (रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) हलका होतो. पण त्यावर दोन प्रोटॉन बसले असतील तर प्रभार दोन होतो, भागाकार दोननं होतो आणि आलेखात आकडे दिसतात ४७६.८ आणि ४६१.८. फरक १५ चाच! ‘वस्तुमान मोजलं’ एवढंच लिहिलं तर पोरं म्हणतील, उरलेले १५ गेले कुठं? शब्द बदलू नका, पण ‘वस्तुमान-प्रभार गुणोत्तर’ एकदा तरी लिहाच.

महालकर:
हे फारच कामाचं. आणि ‘जोडून’ ठीक आहे का? सिकलसेलच्या तपासणीला एचपीएलसी (जास्त दाबाखालची लिक्विड क्रोमॅटोग्राफी) तर आपल्याकडे नेहमीचीच. त्याच यंत्राला मास स्पेक जोडायचं, असं लिहू?

रामदासपेठ_लॅब:
नका लिहू. त्या तपासणीत सहसा धनायन-विनिमय स्तंभ (धन प्रभाराचे रेणू धरून ठेवणारी नळी) असतो, आणि हिमोग्लोबिन बाहेर काढायला क्षारांचं प्रमाण वाढवत नेतात. उडून न जाणारे ते क्षार थेट मास स्पेकमध्ये गेले तर तोंडाशी थर साचतो आणि संकेत दबतो. जोडणी करायची तर बहुतेक वेळा उलट-प्रावस्था स्तंभ (पाण्याशी कमी जुळणारे रेणू जास्त धरणारी नळी) घेतात. त्यात पाणी, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि थोडंसं फॉर्मिक आम्ल असतं, आणि हे सगळं उडून जातं. स्तंभातून आलेला द्रव काही हजार व्होल्टच्या सुईतून फवारला जातो, थेंब आटत जातात आणि प्रभारित रेणू निर्वातात शिरतात. या इलेक्ट्रोस्प्रेनं मोठी प्रथिनं न मोडता मोजता आली, त्यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एलसी आणि एमएसमधली ती छोटी रेघ आहे ना, खरं काम तिथंच आहे. मी ‘सांधणी’ म्हणेन. ‘जोडून’ म्हटलं की प्लग लावल्यासारखं वाटतं.

कॉटनमार्केट:
काहून एवढी मेहनत करून राहिले बाप्पा! एलसी-एमएसच लिहा. प्रयोगशाळेत ‘वस्तुमान वर्णपटमिती’ म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

वर्धारोड:
प्रयोगशाळेत ठीक आहे भाऊ, पण हे वाचणाऱ्यानं प्रयोगशाळा पाहिलेली नाही. एकदा पूर्ण मराठी नाव द्या, पुढं एलसी-एमएस. आणि ट्रिप्सिन, पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) या शब्दांना हात लावू नका.

महालकर:
तसंच करते. ‘सांधणी’ घेतली. शेवटचं एक, आलेखातल्या ‘पीक’ला?

कॉटनमार्केट:
‘शिखर’ लिहा. ‘हिमोग्लोबिन एसचं (सिकलसेलमधलं हिमोग्लोबिन) पीक मोठं आलं’ असं छापलं तर आमच्याकडले लोक भाव विचारतील.