आई-बाबांचा लांबचा विमानप्रवास, पोचल्यावर आजारी पडू नये म्हणून काय करता?

कर्वेनगरकर
मंडळी, आई-बाबा डिसेंबरात ताईकडे न्यू जर्सीला चाललेत, मुंबई-फ्रँकफर्ट-नेवार्क. बाबा 74, थोडा दमा आहे, पंप घेतात, बीपीची गोळी चालू. आई 69, ठणठणीत पण हट्टी. मागच्या खेपेला दोघंही पोचल्या पोचल्या आडवे झाले, बाबांचा खोकला तर महिनाभर हटला नाही, आणि ताईने साठवून ठेवलेली रजा सगळी काढे उकळण्यात गेली. आईचं ठाम मत की विमानातला एसीच बाधतो, "सगळ्यांचे श्वास तेच तेच फिरवतात मेले", म्हणून पर्समध्ये मफलर, कापराची पुरचुंडी, ओव्याची पोटली असा सगळा सरंजाम आहे. मास्क म्हटलं की "गेला ना आता कोविड" म्हणून विषय बंद. तर खरंच विमानातली हवा इतकी वाईट असते का? आणि सीट खिडकीची घेऊ की आइलची? आपापल्या म्हाताऱ्यांना पाठवताना तुम्ही काय करता ते सांगा, गुगल करून झालंय, डोकं अजून फिरलंय.

पाना_पक्कड
विमानांच्या मेंटेनन्समध्ये उभी हयात गेली म्हणून हवेपुरतं बोलतो. काकूंचं अर्धं बरोबर आहे, हवा फिरवतात, पण साधारण निम्मी बाहेरची ताजी असते आणि निम्मी जी परत येते ती हेपा फिल्टरमधून येते, हॉस्पिटलात वापरतात त्याच जातीचा फिल्टर. तासाला 20 ते 30 वेळा केबिनची सगळी हवा बदलते, तुमच्या आमच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या लावून बसलं तर त्याच्या आसपासही जात नाही. शिवाय ती वरून येते आणि खाली पायाशी ओढली जाते, आख्ख्या विमानभर फिरत बसत नाही. म्हणून डोक्यावरचा तो छोटा झरोका लोक थंडी वाजते म्हणून बंद करतात ना, तो हलका चालू राहू द्या.
खरी गोम जमिनीवर आहे. विमान गेटला उभं असतं, दारं बंद, लोक बॅगा कोंबतायत, तेव्हा हवा खेळवायची सिस्टीम दरवेळी पूर्ण जोरात असतेच असं नाही. 1977 ची अलास्कातली केस आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे, इंजिन बिघडून विमान काही तास उभं, आत पन्नासेक माणसं, व्हेंटिलेशन बंद, आणि एक प्रवासी फ्लूने फणफणलेली. तीन दिवसांत जवळपास तीन चतुर्थांश लोक आजारी! हवेत असताना नाही, उभ्या विमानात.
आणि कापूर पेट घेणारा पदार्थ आहे, तो घरीच राहू द्या, सिक्युरिटीवर उगाच पर्स उपसायला लावतील.

एडिसनची_मावशी
वरच्या दादांना अनुमोदन आणि एक भर घालते, ही कोणी सांगत नाही. तुम्ही व्हीलचेअर सांगितली असेल ना बाबांसाठी? आपल्याकडचे सगळेच सांगतात, भाषेची आणि चालण्याची सोय होते, जरूर घ्या. पण व्हीलचेअरवाल्यांना विमानात सगळ्यात आधी चढवतात आणि सगळ्यात शेवटी उतरवतात, म्हणजे त्या उभ्या विमानात सगळ्यात जास्त वेळ हेच बसतात. ट्रान्झिटमध्ये तर एका कोपऱ्यात खुर्च्या ओळीने लावून ठेवतात, गुजराती आजी, पंजाबी आजोबा, आपली काकू, सगळे मांडीला मांडी लावून, अर्धे खोकतायत आणि एकमेकांना चकल्या वाटतायत. मास्क तिथे हवा. नेमका तिथेच तो हनुवटीवर असतो आणि विमान उडालं की मग नाकावर जातो, उलटा कारभार!
एन95 द्या, कापडाचा नको. दम्यामुळे बाबांना पूर्ण वेळ झेपणार नाही, तर निदान रांगा, बस, बोर्डिंग, आणि उतरताना सगळे उठून उभे राहतात तेव्हा. जेवणाला सगळे एकदमच मास्क काढतात, तर शेजारच्याचं आटपेपर्यंत जरा थांबायचं, ट्रे लगेच कोणी उचलून नेत नाही.

कान_नाक_घसा
दोन दिवस ओपीडीच्या गडबडीत होतो. महत्त्वाचं आधी, फ्लूची लस. निघायच्या निदान दोन आठवडे आधी, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, एअरपोर्टला जाताना टोचून उपयोग नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो, पण ते उतरणार ऐन थंडीत, तिकडच्या सीझनमध्ये.
केबिनमध्ये दमटपणा 10 ते 20 टक्क्यांच्या आसपासच असतो, मुंबईच्या माणसाला ते वाळवंटच. नाक आतून सुकतं, घसा खवखवतो, आणि लोकांना वाटतं एसी बाधला. साधा सलाइनचा नाकाचा स्प्रे ठेवा, दोन-तीन तासांनी एकेक फवारा. पंप आणि बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नको.
आणि हे नीट वाचा, बाबांना निघताना नाक चोंदलं म्हणून मेडिकलवाल्याकडून सर्दीची कुठलीही गोळी आणू नका, नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं. डॉक्टरांना विचारूनच. चोंदल्या नाकाने विमान उतरताना कान भयंकर दुखतात, तेव्हा झोपू द्यायचं नाही, लिमलेटची गोळी चघळायला द्यायची. ताप असेल तर सरळ तारीख पुढे ढकला, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

खिडकीवाला
सीट खिडकीचीच घ्या. आइलला येणारे-जाणारे सगळे अंगावर वाकतात, खिडकीत कोणी येत नाही.

एडिसनची_मावशी
@खिडकीवाला अहो 74 वर्षांचा बीपीवाला माणूस, दर दोन तासांनी बाथरूम. खिडकीत बसवलं तर उठायला नको म्हणून पाणीच पिणार नाही, पाय सुजतील ते वेगळंच. बाबा आइलला, आई मध्ये, म्हणजे बाबांच्या एका बाजूला तरी घरचं माणूस.

पाना_पक्कड
हेच म्हणतो. आणि ट्रे टेबल, बेल्टचं बक्कल, स्क्रीन बसल्या बसल्या वाइपने पुसून घ्या. बाथरूमचं दार टिश्यूने उघडा.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे आभार! व्हीलचेअरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आईला अलास्काची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आता ती स्वतःच मास्कचा अख्खा बॉक्स आण म्हणतेय, ओवा मात्र सोडणार नाहीये. डॉक्टर, एक शंका, फ्लूसोबत न्यूमोनियाची लसही त्याच दिवशी चालते का? बाबांचे दोन हेलपाटे वाचतील.

कान_नाक_घसा
चालते, दोन वेगवेगळ्या दंडांत. बाबांनी न्यूमोनियाची आधी कधी घेतलीय का ते जुन्या फाइलीत बघा, कुठली आणि कधी, आणि ती फाइल सोबत न्या. ओवा चावून खाऊ दे, त्याला काही हरकत नाही.