मदत हवी आहे: वसाहतींच्या स्पेसिमेन नोटा घ्यायच्या आहेत, या तिन्ही खऱ्या आहेत का? (नागपूर)

बर्डीकर
नमस्कार मंडळी. जुन्या वसाहतींच्या स्पेसिमेन (म्हणजे नमुन्याच्या) नोटा जमवायला सुरुवात करतोय. इथे नागपुरात एका विक्रेत्याकडे तीन नोटा पसंत पडल्या आहेत, पैसे अजून दिलेले नाहीत.

१. बर्म्युडा, १ डॉलर. ‘स्पेसिमेन’ छापलेलं आहे. नंबराच्या आधी छोटा क्रॉस आणि पुढे सहा आकडे, पण ते सगळे शून्य नाहीत.
२. मोझांबिक, बांको दा बेइरा या बँकेची, १९१९. बारीक भोकांनी अक्षरं पाडलेली आहेत.
३. पोर्तुगीज इंडिया (गोवा, दमण, दीव), १९५९, ६० एश्कुदो (तिथलं तेव्हाचं चलन). लाल अक्षरांत ‘स्पेसिमेन’, सह्यांवर दोन गोल भोकं. नंबर साधा, चालू नोटेसारखा. मधोमध घडी आहे, थोडी मळलेली आहे.

विक्रेता तिन्हींना एकच भाव सांगतोय. काय करावं? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात या नोटा ठेवायच्या कशा?

नोटपारखी
बर्डीकर, तिन्हींचा भाव एक असूच शकत नाही, कारण या तीन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

बर्म्युडाची नोट वर्णनावरून खरी वाटते, पण ती छापखान्याची स्पेसिमेन नाही. तो माल्टीज क्रॉस आहे. १९७८ च्या सुमारास फ्रँकलिन मिंट या अमेरिकेतल्या खासगी टांकसाळीने बऱ्याच देशांच्या आणि वसाहतींच्या नोटांचे असे संच खास संग्राहकांसाठी काढले. नोटांच्या कॅटलॉगमध्ये त्यांच्या क्रमांकाआधी ‘सीएस’ (कलेक्टर सिरीज) असतं. छापखान्याची स्पेसिमेन बँकांना नवी नोट ओळखता यावी म्हणून मोजकीच काढतात. हे संच मात्र सरळ विक्रीसाठी होते, त्यामुळे स्वस्त मिळतात. घ्यायचीच तर सुटी नोट नको, मूळ पाकिटासह पूर्ण संच बघा.

मोझांबिकची नोट उजेडासमोर धरा. भोकांतून पी-ए-जी-ओ (पोर्तुगीजमध्ये ‘चुकते केले’) आणि खाली ५.११.१९४२ असं वाचता आलं, तर ती रक्कम चुकती करून रद्द केलेली नोट आहे. स्पेसिमेन नव्हेच. दिसायला सुंदर असते, जरूर ठेवा, पण रद्द नोटेच्या भावात. बाजारात भरपूर आहेत.

भिंगवाला
तिसऱ्या नोटेवर खरा वेळ घालवा. एक रुपया म्हणजे सहा एश्कुदो, म्हणूनच त्या मालिकेत ३०, ६०, ३००, ६०० असे आकडे आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर या नोटांचं चलन संपलं, आणि आपल्याकडे मागणी मोठी. साध्या नोटेवर शिक्का मारून किंमत वाढवायचा मोह इथेच होतो.

नंबर साधा आहे एवढ्यावरून लगेच खोटी म्हणू नका. बहुतेक स्पेसिमेनवर ओळीने शून्यं असतात, तरी काही छापखान्यांनी खरे नंबर असलेल्या नोटांवरही शिक्के मारले आहेत. पण साधा नंबर, घडी आणि मळ तिन्ही एकत्र आले की संशय घ्यायलाच हवा. स्पेसिमेन हातोहात फिरत नाही.

दहा पट भिंग घ्या आणि लाल अक्षर जिथे घडीवरून जातं तिथे बघा. छपाई आधी आणि घडी नंतर असेल, तर घडीच्या रेषेवर लाल रंग तुटलेला दिसतो, आतले तंतू पांढरे दिसतात. घडी आधीची असेल, तर शाई त्या तुटक्या तंतूंत शिरलेली असते. मग तो शिक्का नंतरचा, विषय संपला. लाल रंग बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला दिसला तर तो घरगुती प्रिंटरचा. पुढे भोकांच्या कडा बघा. कागद मळका आणि कडा मात्र स्वच्छ पांढऱ्या असतील, तर भोकं नंतर पाडलेली आहेत.

मागच्या बाजूला जुन्या डिंकाचे किंवा कागदाच्या पट्टीचे डाग असतील तर त्यांना घाबरू नका. स्पेसिमेन वहीत चिकटवून ठेवत, त्याच्या त्या खुणा आहेत. त्या पाण्याने काढत बसू नका.

बर्डीकर
धन्यवाद. आज भिंग घेऊन गेलो. मोझांबिकच्या नोटेवर तीच अक्षरं आणि तीच तारीख आहे. ६० एश्कुदोच्या घडीत लाल शाई उतरलेली स्पष्ट दिसली. ती सोडली. मोझांबिकची नोट विक्रेता कमी भावात द्यायला तयार आहे.

अल्बमवाली
छान केलंत, भाऊ. आता साठवणीचं. अल्बमबरोबर येणारे मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाऊच पीव्हीसीचे असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की त्यांतलं तेलकट द्रव्य बाहेर येतं, नोट चिकटते आणि शाई पाऊचला लागते. शंका असेल तर अंगणात जाऊन तांब्याची तार लाल होईस्तोवर तापवा, पाऊचच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो पाऊच नको. पॉलिएस्टरचे, म्हणजे मायलरचे, पाऊच घ्या.

दुसरी चूक म्हणजे कूलरच्या खोलीत अल्बम ठेवणं. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी त्या खोलीत पावसाळ्याइतका ओलावा असतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाटही नको, दुपारी भट्टी होते. आतल्या खोलीत घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या आणि साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास वाळवा, पण मूळ पुडी तितकी उष्णता सोसत नसेल तर दाणे काढून. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला धरते. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यांतलं काहीही नको.

नोटपारखी
एक राहिलंच. मोझांबिक घेताना बिलावर ‘रद्द नोट’ असंच लिहून घ्या. पुढे शून्य नंबरची खरी स्पेसिमेन घ्याल तेव्हा बिलावर छापखान्याचं नाव, भोकांची संख्या आणि कोपऱ्यात स्पेसिमेन क्रमांक असेल तर तोही नोंदवा. परत विकताना पहिला प्रश्न हाच येतो.